थर लागले, पण उतरले का?

दहीहंडी जवळ आली की आमच्या तालुक्याच्या गावातही फलक लागतात. नेत्याचा फोटो मोठा, बक्षिसाचा आकडा त्याहून मोठा. बातमीसाठी फोन करणारा कार्यकर्ता मला थर किती आणि रक्कम किती, एवढंच सांगतो. सगळे धड खाली उतरले का, हे सांगत नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

स्पेनमधल्या कातालोनियात माणसांचे मनोरे रचायची परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे. वाल्स हे तिचं मूळ गाव. तिकडे मनोऱ्याला 'कास्टेल' म्हणतात, म्हणजे किल्ला. बुडाशी माणसांची दाट गर्दी एकमेकांना चिकटून उभी राहते. भार पेलायचा आणि वरून कुणी पडलं तर अंगावर झेलायचं, दोन्ही कामं तिचीच. टोकावरच्या पोरानं हात वर केला की मनोरा लागला. पण पूर्ण यश तेव्हाच, जेव्हा सगळे क्रमानं खाली उतरतात. उतरताना कोसळला तर स्पर्धेत गुण कमी.

1980 च्या दशकात तिथल्या पथकांत बायका आल्या, हलकी माणसं मिळाली आणि थर वाढले. 1998 मध्ये दहा थर लावून सुखरूप उतरवले. 2006 मध्ये एका लहान मुलीचा पडून जीव गेला, त्यानंतर मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. 2010 मध्ये युनेस्कोनं या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं.

आता आपल्याकडे या. 2012 मध्ये ठाण्यात जय जवान पथकानं नऊ थर लावले, गिनीज बुकात नोंद झाली. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं 20 फुटांची मर्यादा घातली आणि 18 वर्षांखालच्यांना मनाई केली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सैल करायला नकार दिला. 2017 मध्ये उंचीची मर्यादा गेली, वयाची अट 14 वर आली. 2022 मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं आणि मृत्यू झाल्यास 10 लाखांची मदत जाहीर केली.

नीट बघा. सगळा वाद उंची, वय आणि भरपाईचा. उतरण्याबद्दल कोण बोललं?

गोविंदांना हे कळत नाही असं अजिबात नाही. मुंबईत गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू होतो. कामावरून दमून आलेली पोरं रात्री मैदानात जमतात. तळाच्या थरातल्याला वर काय चाललंय ते दिसत नाही, वरच्याला खालच्याचा चेहरा दिसत नाही. खांद्यावरच्या पायाची थरथर कळते, तेवढ्यावर विश्वास ठेवायचा. हा विश्वास बक्षिसानं तयार होत नाही, रोजच्या सरावानं होतो. चांगली पथकं थर शिस्तीत उतरवतातही. पण बक्षीस फक्त उंचीला असेल, तर नवख्या पथकालाही आणखी एक थर चढवायचा मोह होणारच. आणि पडल्यावर दवाखान्यात बसतात ते घरचे, फलकावरचे नाहीत.

उपाय खर्चिक नाही. अर्धी रक्कम थर लागल्यावर, अर्धी शेवटचा गोविंदा जमिनीवर उभा राहिल्यावर. त्यासाठी ना कोर्ट लागतं ना शासन निर्णय. यंदा तुमच्या चौकातल्या आयोजकाला एवढं विचाराच: दादा, उतरायचं बक्षीस किती?