इटालियन क्रियापद : नियमित रूपव्यवस्था

इटालियन क्रियापदाच्या एकाच शब्दात क्रिया, तिचा काळ, बोलणाऱ्याची वृत्ती आणि कर्त्याचा पुरुष व वचन एवढ्या गोष्टी सामावतात. ‘पार्लारे’ (बोलणे) या क्रियापदाचे ‘पार्लाव्हानो’ हे रूप घेतले, तर ‘पार्ल’ हा धातू, ‘आ’ हा गणाचा स्वर, ‘व्हा’ ही अपूर्ण भूतकाळाची खूण आणि ‘नो’ हा तृतीयपुरुषी अनेकवचनाचा प्रत्यय असे तुकडे सहज सुटे होतात. प्रत्ययावरून कर्ता कळत असल्याने ‘ईओ’ (मी), ‘नोई’ (आम्ही) ही सर्वनामे एरवी गाळली जातात आणि भर द्यायचा असेल तेव्हाच येतात. मराठीप्रमाणे ‘जातो-जाते’ असा लिंगभेद मात्र या प्रत्ययांत नाही. ‘पार्लो’ हे पुरुषानेही म्हणावे आणि स्त्रीनेही.

क्रियापदांचे तीन गण आहेत आणि ते मूळ रूपाच्या शेवटावरून ओळखतात : ‘-आरे’, ‘-एरे’ आणि ‘-ईरे’. लॅटिनमध्ये चार गण होते. त्यांतील दीर्घ व ऱ्हस्व ‘ए’चे दोन गण इटालियनमध्ये एक झाले. त्या जुन्या भेदाची खूण आघातात उरली आहे. ‘तेमेरे’ (भिणे) यात आघात उपान्त्य अक्षरावर पडतो, तर ‘क्रेदेरे’ (विश्वास ठेवणे) यात पहिल्या अक्षरावर. पहिला गण सर्वांत मोठा आणि आजही वाढता आहे. बाहेरून आलेले नवे क्रियापद बहुधा त्यातच बसवले जाते. संगणकावरील क्लिकचे ‘क्लिक्कारे’ झाले ते असेच. या गणात अनियमित क्रियापदे चारच मानतात : ‘आंदारे’ (जाणे), ‘दारे’ (देणे), ‘स्तारे’ (असणे, राहणे) आणि ‘फारे’ (करणे). त्यांतील ‘फारे’ लॅटिन ‘फाकेरे’पासून आलेले असल्याने मुळात परक्या गणातले आहे. दुसऱ्या गणाची स्थिती नेमकी उलटी. तेथे पूर्णपणे नियमित क्रियापदे थोडी, आणि त्यात नवी भर पडत नाही.

वर्तमानकाळात पहिल्या गणाची रूपे ‘पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो’ अशी होतात. दुसऱ्याची ‘क्रेदो, क्रेदी, क्रेदे, क्रेद्यामो, क्रेदेते, क्रेदोनो’. तिसऱ्याची, ‘दोर्मीरे’ (झोपणे) या क्रियापदापासून, ‘दोर्मो, दोर्मी, दोर्मे, दोर्म्यामो, दोर्मीते, दोर्मोनो’. मी, तू आणि आम्ही यांचे प्रत्यय तिन्ही गणांत एकच आहेत. त्यांतील ‘-यामो’ हा प्रत्यय मूळचा संशयार्थाचा. फ्लोरेन्सच्या बोलीने तो वर्तमानकाळातही सरसकट लावला. इटलीतील इतर अनेक बोलींत ‘-आमो, -एमो, -इमो’ असे वेगवेगळे प्रत्यय टिकून राहिले. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने 1440 च्या सुमारास लिहिलेले पहिले इटालियन व्याकरण फ्लोरेन्सच्याच भाषेचे होते. पुढे 1525 मध्ये पिएत्रो बेम्बो याने पेत्रार्का व बोक्काच्चो यांची फ्लोरेन्सची भाषा साहित्याचा आदर्श म्हणून पुढे ठेवली. आजची प्रमाण रूपे फ्लोरेन्सची आहेत ती या परंपरेमुळे.

तिसऱ्या गणातील बरीच क्रियापदे धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये ‘इस्क’ घेतात. ‘फिनीरे’ (संपवणे) याची रूपे ‘फिनिस्को, फिनिश्शी, फिनिश्शे, फिन्यामो, फिनीते, फिनिस्कोनो’ अशी होतात. लॅटिनमध्ये हा मध्यभाग क्रियेचा आरंभ दाखवी. इटालियनमध्ये तो अर्थ पार गळून गेला. उरले ते आघाताचे काम. ‘इस्क’ आला की आघात धातूवरून सरकून त्याच्यावर पडतो. आम्ही व तुम्ही या रूपांत आघात आधीच प्रत्ययावर असतो, म्हणून तेथे ‘इस्क’ येत नाही. ‘कापीरे’ (समजणे), ‘पुलीरे’ (स्वच्छ करणे), ‘प्रेफेरीरे’ (अधिक पसंत करणे) ही याच पंक्तीतली. कोणते क्रियापद ‘इस्क’ घेते हे मूळ रूपावरून ओळखण्याचा खात्रीचा नियम नाही.

आघाताकडे पाठ्यपुस्तकांत सहसा दुर्लक्ष होते आणि शिकणाऱ्याचे उच्चार तेथेच बिघडतात. वर्तमानकाळात, ‘इस्क’ नसेल तेव्हा, एकवचनाच्या तिन्ही रूपांत व तृतीयपुरुषी अनेकवचनात आघात धातूवर असतो, म्हणून ‘पार्लानो’मध्ये तो पहिल्या अक्षरावर पडतो, ‘ला’वर नव्हे. ‘तेलेफोनारे’ (फोन करणे) याचे ‘तेलेफोनानो’ होताना आघात ‘ले’वर, म्हणजे शेवटून चौथ्या अक्षरावर येतो. या जागा लिहून दाखवल्या जात नाहीत. अंत्य अक्षरावरचा आघात तेवढा चिन्हाने दाखवतात, आणि त्याची गरज खरीच आहे : पहिल्या अक्षरावर आघात देऊन म्हटलेले ‘पार्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर देऊन म्हटलेले ‘पार्लो’ म्हणजे ‘तो बोलला’. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात.

पहिल्या गणात धातूचा उच्चार कायम ठेवण्यासाठी लेखन बदलते. ‘चेर्कारे’ (शोधणे) याच्या ‘चेर्की’ रूपात ‘क’ टिकावा म्हणून एक मूक अक्षर घालावे लागते. दुसऱ्या गणात लेखन तेच राहते आणि उच्चार बदलतो : ‘व्हिंचेरे’ (जिंकणे) याचे ‘व्हिंको’, पण ‘व्हिंची’.

अपूर्ण भूतकाळ (इम्पेर्फेत्तो) चालू, नेहमीची किंवा पार्श्वभूमीची क्रिया सांगतो. तो सर्वांत सुबोध आहे : ‘पार्लाव्हो, क्रेदेव्हो, दोर्मीव्हो’, गणाचा स्वर तेवढा बदलतो. प्रथमपुरुषी एकवचन पूर्वी ‘पार्लाव्हा’ असेच होते, म्हणजे ‘तो बोलत असे’ आणि ‘मी बोलत असे’ यांत फरक नव्हता. आलेस्सांद्रो मांझोनी याने आपल्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या कादंबरीच्या 1840-42 च्या सुधारित आवृत्तीत बोलभाषेतला ‘-ओ’ स्वीकारला, आणि त्या कादंबरीच्या प्रभावाने तोच पुढे रूढ झाला.

दूरस्थ भूतकाळाची (पास्सातो रेमोतो) रूपे ‘पार्लाई, पार्लास्ती, पार्लो, पार्लाम्मो, पार्लास्ते, पार्लारोनो’ अशी आहेत. तिसऱ्या गणात ‘आ’च्या जागी ‘ई’ येतो, फक्त तृतीयपुरुषी एकवचन ‘दोर्मी’ असे अंत्य आघाताचे होते. दुसऱ्या गणात दुहेरी रूपे आहेत : ‘क्रेदेई’ किंवा ‘क्रेदेत्ती’, ‘क्रेदे’ किंवा ‘क्रेदेत्ते’, ‘क्रेदेरोनो’ किंवा ‘क्रेदेत्तेरो’. धातूच्या शेवटी ‘त’ असेल तर ‘-एत्ती’ टाळतात. या गणातील अनियमित क्रियापदेसुद्धा अर्धीच अनियमित असतात. ‘स्क्रीव्हेरे’ (लिहिणे) याची मी, तो, ते यांची रूपे ‘स्क्रिस्सी, स्क्रिस्से, स्क्रिस्सेरो’ अशी वेगळी होतात. तू, आम्ही, तुम्ही यांची ‘स्क्रिव्हेस्ती, स्क्रिव्हेम्मो, स्क्रिव्हेस्ते’ अशी नियमानेच चालतात.

भविष्यकाळ मूळ रूपाला ‘असणे, जवळ असणे’ या क्रियापदाचा वर्तमानकाळ जोडून तयार झाला; संकेतार्थ त्याच क्रियापदाचा भूतकाळ जोडून. म्हणून दोहोंचे अंग एकच आहे : ‘पार्लेरो’ (मी बोलेन), ‘पार्लेरेई’ (अट पुरी झाली तर मी बोलेन). फ्लोरेन्सच्या उच्चारात आघातहीन ‘आर’चा ‘एर’ झाल्यामुळे पहिला व दुसरा गण येथे एकत्र येतात. तिसऱ्यात ‘दोर्मिरो, दोर्मिरेई’ असा ‘इ’ राहतो. ‘पार्लेरेमो’ म्हणजे आम्ही बोलू, आणि ‘पार्लेरेम्मो’ हा संकेतार्थ. फरक एका द्वित्ताचा आहे आणि तो उच्चारात स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

संशयार्थ (कोंजुंतीव्हो) हा मत, आशा, शंका, इच्छा यांचा अर्थ आहे. त्याच्या वर्तमानकाळात स्वर उलटतात : पहिल्या गणात ‘पार्ली’, दुसऱ्यात ‘क्रेदा’, तिसऱ्यात ‘दोर्मा’ किंवा ‘फिनिस्का’. ‘सो के मारिया दोर्मे’ म्हणजे मारिया झोपली आहे हे मला ठाऊक आहे. ‘क्रेदो के मारिया दोर्मा’ म्हणजे ती झोपली असावी असे मला वाटते. एकवचनाचे तिन्ही पुरुष सारखेच असल्याने येथे सर्वनाम घालणे सोयीचे ठरते. अपूर्ण भूतकाळाचा संशयार्थ ‘पार्लास्सी, क्रेदेस्सी, दोर्मिस्सी’ असा होतो आणि तो संकेतार्थाबरोबर जोडीने येतो : ‘से पार्तिस्सी ओज्जी, आर्रिव्हेरेई दोमानी’, म्हणजे आज निघालो तर उद्या पोचेन. बोलण्यात संशयार्थाऐवजी साधा स्वार्थ (नुसते विधान करणारा अर्थ) वापरण्याची प्रवृत्ती दिसते, पण सुशिक्षितांच्या लेखनात ती अजून दोष गणली जाते, आणि ते योग्यच आहे. अर्थाची एक सूक्ष्म छटा त्यात हरवते.

आज्ञार्थात ‘तू’साठी ‘पार्ला! क्रेदी! दोर्मी!’ आणि आदरार्थी ‘लेई’साठी ‘पार्ली! क्रेदा! दोर्मा!’ असे स्वर अदलाबदल होऊन येतात, कारण आदराचे रूप संशयार्थातून घेतले जाते. ‘लेई’ हे तृतीयपुरुषी सर्वनाम आहे; 1938 मध्ये फॅसिस्ट राजवटीने ते निषिद्ध ठरवून ‘व्होई’ (तुम्ही) या सर्वनामाची सक्ती केली, पण राजवटीबरोबर ती सक्तीही संपली. ‘तू’चा निषेध मूळ रूपानेच होतो : ‘नोन पार्लारे!’

संयुक्त काळ भूतकालवाचक धातुसाधितापासून बनतात : ‘पार्लातो, क्रेदूतो, दोर्मीतो’. स्वार्थ, संशयार्थ व संकेतार्थ मिळून सात साधे काळ आहेत आणि प्रत्येकाला एक संयुक्त जोडीदार, असे चौदा काळ होतात. सहायक क्रियापद बहुधा ‘आव्हेरे’ (जवळ असणे) असते; गती व स्थित्यंतर दाखवणाऱ्या अनेक अकर्मक क्रियापदांना आणि आत्मवाचक क्रियापदांना ‘एस्सेरे’ (असणे) लागते. ‘एस्सेरे’ आल्यास धातुसाधित कर्त्याचे लिंग-वचन घेते : ‘ए आर्रिव्हाता’ (ती आली), ‘सोनो आर्रिव्हाती’ (ते आले). ‘आव्हेरे’बरोबर ते सहसा बदलत नाही, पण कर्म सर्वनामरूपाने आधी आले तर त्याच्याशी जुळते : ‘ओ स्पेदीतो ला लेत्तेरा’ (मी पत्र पाठवले), पण ‘लो स्पेदीता’. ‘चिठ्ठी पाठवली’ म्हणणाऱ्या मराठी भाषकाला कर्माशी असे जुळणे परके वाटू नये.

निकटचा भूतकाळ (पास्सातो प्रोस्सिमो) याच संयुक्त काळांपैकी एक. उत्तर इटलीच्या बोलण्यात त्याने दूरस्थ भूतकाळाची जागा जवळजवळ पूर्ण घेतली आहे. तोस्कानात दोहोंतला भेद बऱ्यापैकी पाळतात, तर सिसिलीत आजच घडलेल्या गोष्टीलाही दूरस्थ रूप वापरलेले ऐकू येते. कथा, कादंबरी आणि इतिहासलेखन यांत दूरस्थ भूतकाळ सर्वत्र चालतो, म्हणून वाचनासाठी तो अपरिहार्य आहे. नवे क्रियापद शिकताना मूळ रूपाबरोबर त्याचे वर्तमानकाळी प्रथमपुरुषी रूप, आघातासह, शब्दकोशात पाहून घ्यावे. ‘इस्क’ येतो की नाही आणि आघात कोठे पडतो, हे दोन्ही त्याच एका रूपावरून कळते.