शिरढोणच्या कारकुनाची वही

१८७९ च्या उन्हाळ्यात श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाच्या आश्रयाला गेलेला एक तेहतीस वर्षांचा माणूस आपल्या पराभवाचा वृत्तान्त लिहीत होता. गाव शिरढोण, तालुका पनवेल. व्यवसाय विचारला असता, तर काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्याने लष्करी हिशेबखात्यातला कारकून असे सांगितले असते. आता त्याच्या मागावर फौज होती. देवापुढे देह ठेवून मोकळे व्हावे, हा विचार त्याच्या मनात पक्का होत आला होता.

वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आज घेतले जाते ते ‘आद्य क्रांतिकारक’ या बिरुदासह. बिरुद योग्यच आहे. पण मागून कोणी आले म्हणजेच एखाद्याला ‘आद्य’ म्हणता येते, आणि श्रीशैलावर लिहिणाऱ्या माणसाला मागून कोणी येईल याची खात्री नव्हती. आपले काम फसले आहे, एवढेच त्याला दिसत होते.

फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. शिरढोणहून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. आजोबा त्याच किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. नातू वाढला त्या काळात पनवेलचेही दिवस फिरत होते. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस आधी होडीने पनवेल बंदरात उतरे आणि मग बोरघाटाची वाट धरी. १८३० मध्ये घाटातला गाडीरस्ता झाल्यावर ही वर्दळ वाढली. १८६३ मध्ये घाटातली रेल्वे पुरी झाली, ती कल्याण-कर्जतवरून, आणि पनवेल बाजूला पडले. ज्या जीआयपी रेल्वेने हे केले, तिच्याच कचेरीत वासुदेवाने काही काळ खर्डेघाशी केली. पुढे पुण्यात लष्करी हिशेबखात्यात तो लागला. आई अत्यवस्थ असताना रजा मिळाली नाही. घरी पोहोचेपर्यंत ती गेली होती. वर्षश्राद्धालाही साहेबाने रजा नाकारली. चरित्रकार या प्रसंगावर बराच भर देतात. तो खराच आहे, पण त्यावर सगळे बंड उभे करणे म्हणजे फडक्यांच्या डोक्याला कमी लेखणे होय.

कारण त्यांच्या डोक्यात आकडे होते. १८७२-७३ च्या सुमारास न्यायमूर्ती रानडे पुण्यात देशी व्यापारावर व्याख्याने देत होते: इथला पैसा बाहेर कसा जातो, कारागीर शेतीवर कसा लोटला जातो. श्रोत्यांत फडके होते. त्यातून त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह १८७४ मध्ये ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ काढली, तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. शाळा काढणाऱ्याला निराशावादी म्हणता येत नाही. तिचे फळ दहा-वीस वर्षांनी दिसते आणि तेवढी वाट पाहण्याची तयारी त्याला ठेवावीच लागते.

मग १८७६ चा दुष्काळ आला.

दख्खन आणि मद्रास इलाखा मिळून पन्नास लाखांवर माणसे गेली. सरकारी कामांवरच्या मजुराला किती द्यावे, याचा काटकसरी आकडा सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवला: धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. मुंबई इलाख्यात मजुरांनी याविरुद्ध कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आणि १८७७ मध्ये हेच टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले! त्याच वर्षी लंडनमध्ये जेम्स सली या मानसशास्त्रज्ञाचा निराशावादाचा इतिहास सांगणारा जाड ग्रंथ निघाला. शोपेनहाउअर आणि हार्टमान यांच्यामुळे जगणे मुळातच दुःखरूप आहे की नाही, या वादाला तिकडच्या सुशिक्षितांत तेव्हा मोठी मागणी होती. दख्खनमधल्या उपाशी माणसाला हा प्रश्न पडायला फुरसत नव्हती. त्याचे दुःख पौंडात आणि आण्यात मोजता येत होते.

रानडे आणि फडके यांच्यापुढे वस्तुस्थिती एकच होती. रानड्यांनी तिच्यातून सभा, अर्ज, लेख आणि दोन-तीन पिढ्यांचा धीर काढला. फडक्यांचा तो धीर दुष्काळाने संपवला. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांसह त्यांनी शिरूरजवळचे धामारी लुटले आणि सावकारांवर दरोडे सुरू केले. पैसा उभा करायचा, त्यातून माणसे उभी करायची आणि एकाच वेळी ठिकठिकाणी टपाल, तारा, तुरुंग मोडायचे, असा बेत होता. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावले, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नर टेंपलच्या डोक्यावर बक्षीस लावले. पुण्यात सरकारी कचेऱ्या असलेले बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा त्याच वर्षीच्या मे महिन्यात पेटले आणि संशय फडक्यांवर गेला. संशयाच्या झळा रानड्यांपर्यंत पोहोचल्या. त्यांची धुळ्याला बदली झाली आणि तिथे टपालावरही पाळत राहिली. सनदशीर आशेवर जगणाऱ्या माणसावर बंडखोराच्या पाठीराख्याचा शिक्का बसू पाहत होता, याची हकीकत रानड्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत आहे.

याच धामधुमीत, १० आणि ११ मे रोजी, फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक टोळी घेऊन कोकणात उतरले आणि त्यांनी चिखली व पळस्पे लुटले. पळस्पे म्हणजे शिरढोणच्या उंबरठ्यावरचे गाव. आज मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा रस्ते जिथे फुटतात, तोच फाटा. बंडातली सर्वांत मोठी लूट फडक्यांच्या घराजवळ झाली, आणि तिथे फडके नव्हते. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले, दौलतराव मारले गेले. बंडाचा कणाच मोडला.

श्रीशैलावरचे लेखन याच पडत्या काळातले आहे. १९५७ मध्ये मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड छापला, त्यात त्याचे इंग्रजी रूपांतर सापडते. वाचताना जाणवते ते असे की या निराशेला हिशेबाची शिस्त आहे. सावकाराकडून पाच हजार रुपये मिळाले असते तर चारी दिशांना माणसे पाठवता आली असती, असे ते मांडतात. साथीदारांचे लक्ष देशापेक्षा लुटीच्या वाटणीवर आहे, ही तक्रार आहे. शिकलेले लोक जवळ आले नाहीत, हा सल आहे. पण काय कमी पडले हे कारकून नोंदवतो तसे त्यांनी जमा-नावे मांडले आहे. जगच वाईट, नशीबच खोटे, असा सूर नाही. रामोश्यांविषयी मात्र ते कठोर झाले आहेत. ज्यांच्या घरात दोन वेळचे अन्न नव्हते त्यांनी वाटणी मागितली, यात नवल काय?

म्हणूनच बहुधा हा माणूस देवळात संपला नाही. तिथून निघून फडक्यांनी रोहिल्यांची जमवाजमव सुरू केली, कमी पडलेले खाते दुसरीकडून भरायला घेतले. २० जुलै १८७९ च्या रात्री विजापूरकडच्या देवर नावदगी गावात डॅनियलने त्यांना झोपेत पकडले. पुण्याच्या खटल्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांचे वकील होते. पण आरोपीच्या स्वतःच्या लेखनाचाच पुरावा झाला. काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेण्यात आले.

नेमक्या त्याच महिन्यात पुण्यात चिपळूणकर आणि टिळकांची न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाली. पुढे ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधात चिपळूणकरांनी देश मेलेला नाही, त्याच्यात जीव शाबूत आहे, अशी बाजू लढवली. सरकारला ही आशा दरोड्याइतकीच धोक्याची वाटली असावी, कारण १९१० मध्ये तो निबंध जप्त झाला.

एडनला फडक्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटले आणि ते पळाले. अनोळखी वाळवंटात फार लांब जाता आले नाही. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते तिथेच वारले. शिरढोणच्या वाड्यात आज त्यांचे स्मारक आहे, १९८४ मध्ये टपाल खात्याने तिकीटही काढले. भावे आणि इंदापूरकरांबरोबर काढलेली शाळा मात्र चालूच राहिली.