झटपट डाएटने किलो उतरतात, पण कशाचे?

निकाहाची तारीख ठरली की आधी कपड्यांची चर्चा होते आणि पाठोपाठ वजनाची. "अजून दीड महिना आहे, सात-आठ किलो आरामात जातील" असं कुणीतरी खाला किंवा भाभी सांगते आणि मोबाईलवर एक तक्ता येऊन पडतो. पहिल्या दिवशी फक्त फळं, दुसऱ्या दिवशी फक्त भाज्या, चौथ्या दिवशी केळी आणि दूध. हा 'जीएम डाएट'. जनरल मोटर्स कंपनीने आपल्या कामगारांसाठी तो बनवला, असं सांगितलं जातं. त्याचा भरवशाचा पुरावा मात्र कधी समोर आलेला नाही. दावा असतो सात दिवसांत पाच ते सात किलोंचा.

हा दावा आपण घरीच तपासू शकतो. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठवलेल्या असतात. घरकाम करणाऱ्या बाईचं शरीर दिवसाला 1,900च्या आसपास कॅलरी खर्च करतं असं धरू. म्हणजे सात दिवस तिने अन्नाचा कणही तोंडात घातला नाही, तरी खर्च होतील 13,300. त्यात चरबी जाईल जेमतेम पावणेदोन किलो. मग काट्यावर पाच किलो कमी दिसतात ते कुठून? बहुतेक पाणी. आपलं यकृत आणि स्नायू ग्लायकोजेन नावाची साखर साठवून ठेवतात आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-भाकरी बंद झाली की हा साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. आठव्या दिवशी दावतीत बिर्याणी खाल्ली की साठा पुन्हा भरतो, काटा परत वर. मग दोष बिर्याणीला! आमच्या मते यात बिर्याणीचा गुन्हा फारसा नाही.

पाण्याबरोबर स्नायूही झिजतात, आणि हे नुकसान जास्त मोठं आहे. खाणं एकदम तोडलं आणि त्यात प्रोटीन कमी असलं की शरीर स्नायू मोडून गरज भागवतं. शिवाय अन्न कमी मिळतंय हे ओळखून ते आपला खर्चही कमी करतं. म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तोच डाएट केला तर "आता पहिल्यासारखा फरक पडत नाही" अशी तक्रार ऐकू येते. वजन परत येतं तेव्हा चरबी लवकर भरते, स्नायू तितके भरत नाहीत.

किटोचं प्रकरण वेगळं. तो मुळात वजनासाठी नव्हताच. 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो फिट्सच्या रुग्णांसाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी आजही मुलांना तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जातो. त्यात कर्बोदकं दिवसाला साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवावी लागतात. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतच तेवढी संपतात. उरलेलं पोट भरायचं मांस, अंडी, तूप, पनीर यावर. घरातली एक व्यक्ती असं खाणार आणि बाकीच्यांसाठी डाळ-भात वेगळा शिजणार, हे किती दिवस चालेल? बद्धकोष्ठ, डोकेदुखी, तोंडाला वास हे त्रास लगेच दिसतात. काहींचं कोलेस्टेरॉल वाढतं, ते तपासणीशिवाय कळत नाही.

मधुमेह असेल तर धोका खरा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळलं तर साखर एकदम खाली जाते; घाम, थरथर, चक्कर, कधी बेशुद्धी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असताना किटो केलं तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसते. त्यामुळे घरच्यांना अंदाजच येत नाही. अम्मी-अब्बांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्यांना कोणताही डाएट सुरू करून देऊ नका. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी तर हा विषयच नको.

आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं आधीच फार आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या देशभरातल्या 57 टक्के, महाराष्ट्रातल्या सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात महिनाभर काकडी आणि सूपवर राहिलं की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात, पाळी मागेपुढे होते. तोवर डाएट विसरलेला असतो आणि खापर फुटतं शाम्पूवर. वजन फार वेगाने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते.

रमजानमध्ये काही जण सहरी सोडून देतात, तेवढंच वजन उतरेल म्हणून. मग इफ्तारला भजी, समोसे आणि शरबत यांवर ताबा राहत नाही. ईदनंतर काटा बघितला तर हिशेब तिथल्या तिथेच.

सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस पिणाऱ्यांनी एक घोट आधी चाखून बघावा. कडू लागला तर लगेच फेकून द्यावा. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात मृत्यू झाले आहेत, आणि 2011 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही असा रस न पिण्याचा इशारा दिला. प्यायल्यावर उलट्या, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग मानला आहे, आणि वजन कमी करतानाही दिवसाला 1,000 कॅलरींच्या खाली जाऊ नये असं म्हटलं आहे. म्हणजे दीड महिन्यात तीन किलो. निकाहाच्या तारखेला हे कमी वाटेल, पण चहातली साखर आणि बेकरीचे खारी-नानखटाई बंद करून, भात एक वाटी आणि डाळ-अंडं थोडं जास्त घेऊन, रोज अर्धा-पाऊण तास चालून हे जमतं. त्यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही.

आणि 'हर्बल' म्हणून मिळणाऱ्या पावडरी, कॅप्सूल? हृदयाला धोका असल्याने सिब्युट्रामिन या औषधावर भारतात 2011 मध्ये बंदी आली, तरी जगभरात अशा पाकिटांत ते लपवून मिसळलेलं सापडत राहिलं आहे. पाकीट घेऊन भूक एकदम मेली, छातीत धडधड होऊ लागली, झोप उडाली, तर ते बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना पाकीटही सोबत न्या.