मुशीच्या पराचे सूप, मुशीविना

फेब्रुवारी 2015 मध्ये भारत सरकारने मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, परांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी, ऑगस्ट 2013 मध्ये, मुशी किनाऱ्यावर उतरवताना पर तिच्या अंगाला जोडलेलेच असले पाहिजेत, असे धोरण पर्यावरण मंत्रालयाने जाहीर केले होते. या निर्णयांची चर्चा आपल्याकडे मासेमारीच्या अंगाने झाली. ते पर शेवटी ज्या वाटीत पडत, तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

ती वाटी चिनी मेजवानीतली. मिंग आणि पुढे चिंग राजवटीत या सुपाला प्रतिष्ठा लाभली. विसाव्या शतकात दक्षिण चीन आणि हाँगकाँगमध्ये पराच्या सुपाविना लग्नाची पंगत अपुरी मानली जाऊ लागली. गंमत अशी, की पराला स्वतःची चव जवळजवळ नसते. चव असते ती कोंबडी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या, तासन्‌तास उकळलेल्या रश्श्याची. पराकडून मिळतो तो केवळ पोत. परात सेराटोट्रिकिया नावाचे ताठ तंतू असतात. ते कोलॅजेनच्या कुळातील इलॅस्टॉइडिन या प्रथिनाचे बनलेले असल्याने साध्या कोलॅजेनसारखे सहजी विरघळून जात नाहीत. शिजल्यावर पारदर्शक, किंचित करकरीत शेवयांसारखे उरतात. म्हणजे सारा खटाटोप एका बेचव शेवयीसाठी!

या शेवयीची किंमत मुशींनी मोजली. मुशी उशिरा वयात येते आणि तिची पिल्ले थोडी असतात. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. पर कापून जिवंत धड समुद्रात फेकण्याची रीत क्रूर तर होतीच, शिवाय बोटीवरची जागा वाचत असल्याने शिकारीला मर्यादाही राहिली नाही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने परांच्या व्यापारासाठी दरवर्षी 2.6 ते 7.3 कोटी मुशी मारल्या जात असाव्यात, असा अंदाज बांधला. 1970 पासून खुल्या महासागरातील मुशी आणि पाकटांची संख्या सुमारे 71 टक्क्यांनी घटल्याचे 2021 मध्ये ‘नेचर’मधून पुढे आले. हा सारा दोष सुपाचा नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. मांसासाठीची मासेमारी आणि इतर माशांच्या जाळ्यांत चुकून सापडणे, हीही मोठी कारणे आहेत. मालवणात मोरीचे कालवण आवडीने खाल्ले जातेच.

आता नकलेकडे वळू. तिचा जन्म नीतिविचारातून झाला नाही; तो गरिबीतून झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास हाँगकाँगच्या टेंपल स्ट्रीटसारख्या रस्त्यांवर फेरीवाले लहान वाट्यांतून एक दाट, गरम सूप विकत. उपाहारगृहांतून उरलेले पराचे तुकडे प्रथम त्यात पडत, असे सांगतात. पुढे पर गेले आणि त्यांच्या जागी मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया आल्या. कँटनीजमध्ये त्याचे नाव पडले ‘वुन चाय छी’, म्हणजे छोट्या वाटीतले पर. नावात पर, वाटीत मूग. आणि मूग तर मूळचा भारतीय उपखंडातला. येथे त्याची लागवड चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाली.

मूगच का, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. मुगाच्या स्टार्चमध्ये अमायलोज या सरळ साखळीच्या रेणूंचे प्रमाण तुलनेने जास्त असते. शिजवलेली शेवई थंड केली, की हे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून घट्ट जाळे विणतात. म्हणून ती उकळत्या रश्श्यातही गळत नाही आणि काचेसारखी दिसते.

पुढची नकल प्रयोगशाळेच्या वळणाची. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड यांनी 1880 च्या दशकात समुद्रशैवालातील अल्जिनेटचे वर्णन केले होते. सोडियम अल्जिनेटचे द्रावण बारीक छिद्रातून कॅल्शियम क्षाराच्या पाण्यात सोडले, की कॅल्शियमचा दुहेरी धनभार शेजारच्या साखळ्यांना एकत्र बांधतो आणि क्षणात तंतू तयार होतो. नुसते जिलेटिन गरम सुपात वितळून जाते. हा तंतू टिकतो. त्यात जिलेटिन मिसळले, की पोत पराच्या आणखी जवळ येतो.

येथेच दोन अडचणी उभ्या राहतात. नकल इतकी हुबेहूब झाली, की ती खऱ्या पराच्या भावाने विकण्याचा मोह होतो; चीनमध्ये असे प्रकार उघडकीस आले आहेत. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. जिलेटिन गाई-डुकरांच्या कातड्या-हाडांतून येते. मग ही नकल मुशीच्या दृष्टीने नैतिक झाली, डुकराच्या दृष्टीने नाही. बौद्ध शाकाहारी स्वयंपाक्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता. सुंग काळातील हांगचौमध्ये मांस-माशांच्या शाकाहारी प्रतिकृती वाढणारी भोजनगृहे होती. मला वाटते, वुन चाय छीला त्या परंपरेशी जोडणे अधिक न्याय्य ठरेल.

2006 पासून बास्केटबॉलपटू याओ मिंग यांनी या सुपाविरुद्ध जाहीर प्रचार केला. 2012-13 मध्ये चीन सरकारने सरकारी मेजवान्यांतून ते हद्दपार करण्याचे ठरवले. रस्त्यावरची वाटी मात्र तशीच राहिली: भिजवलेले शिताके आणि काळे अळंबे, कोंबडीचे तंतू किंवा त्यांच्याऐवजी सोयाबीनचा पदार्थ, सोया सॉस, दाटपणाला मक्याचे पीठ, शेवटी धारेने सोडलेले अंडे आणि मुगाच्या शेवया. वरून पांढरी मिरी आणि लाल व्हिनेगर. त्याविना ते सूप कोणी पीत नाही.