विरजण कोणते?

'अंगावरून पांढरे जाणे' ही तक्रार आपल्याकडे दबक्या आवाजातच सांगितली जाते. तिच्यावरील उपचारांचा इतिहास मात्र एका घरगुती वाटणाऱ्या प्रश्नापाशी येऊन अडलेला आहे: रोगजंतू मारल्यावर रिकाम्या जागेत काय रुजवायचे?

१८९२ साली लाइपझिगच्या आल्बर्ट डोडरलाइन या स्त्रीरोगतज्ज्ञाचा योनीस्रावावरील ग्रंथ निघाला. त्याला शोध होता बाळंतज्वराच्या मुळाचा. पण निरोगी स्रावात त्याला काठीच्या आकाराचे जीवाणू दिसले. ते दुग्धाम्ल तयार करत आणि त्या आंबटपणात घातक जंतूंना थारा मिळत नसे. जंतू म्हणजे रोग, असे समीकरण रुजत असतानाचे हे निरीक्षण. पुढे १९२१ मध्ये रॉबर्ट श्रोडरने स्रावाचे तीन 'शुद्धतेचे दर्जे' ठरवले. त्यांत सर्वांत शुद्ध कोणता, तर याच जीवाणूंनी भरलेला! बाजाराला हे मानवणारे नव्हते. अमेरिकेत त्या सुमारास लायसॉलसारखे जंतुनाशक 'स्त्रियांच्या स्वच्छतेसाठी' म्हणून खपवले जात होते. चोरांबरोबर राखणदारही धुऊन काढायचा, असाच तो प्रकार.

१९५५ मध्ये ह्यूस्टनच्या हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स यांनी दुर्गंधीयुक्त स्रावामागचा जीवाणू सापडल्याचे जाहीर केले. पुराव्यासाठी त्यांनी जे केले ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते: निरोगी स्त्रियांना मुद्दाम लागण. प्रयोगशाळेत वाढवलेला शुद्ध जीवाणू १३ जणींना दिला, तर आजार एकीलाच झाला. रुग्ण स्त्रियांचा स्राव १५ जणींना दिला, तेव्हा ११ जणींना. माझ्या मते या आकड्यांत खरे उत्तर तेव्हाच होते. दोषी एकटा जंतू नव्हता, सगळी वस्तीच पालटत होती. पण दोघे आपल्या एका जंतूलाच धरून राहिले.

१९७८ मध्ये मेट्रोनिडाझोलचा गुण सिद्ध झाला आणि प्रश्न सुटल्यासारखे वाटले. तो सुटला नव्हता. २००६ च्या मेलबर्नमधील पाहणीत उपचार घेतलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना वर्षभरात आजार उलटलेला आढळला.

मग दही का नको? नावातच घोटाळा आहे. दह्यातला आणि शरीरातला जीवाणू एकाच कुळातले, पण जाती वेगळ्या. दह्यातला योनीमार्गात सहसा वस्ती करत नाही. डोडरलाइनच्या जीवाणूलाही अनेक वर्षे सरसकट 'ॲसिडोफिलस' म्हणत. १९८० च्या सुमारास डीएनएच्या तपासणीतून त्या एका नावाखालच्या अनेक जाती वेगळ्या झाल्या. त्यांतली 'क्रिस्पॅटस' ही योनीमार्गातली खरी राखणदार. दुधाला विरजण लागते, पण ते कुठलेही चालत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच.

योग्य विरजणाची मोठी चाचणी २०२० मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. मेट्रोनिडाझोलनंतर २२८ स्त्रियांपैकी १५२ जणींना क्रिस्पॅटस आणि ७६ जणींना नुसती भुकटी, असे अकरा आठवडे योनीमार्गातून दिले गेले. बाराव्या आठवड्यापर्यंत आजार उलटला तो अनुक्रमे ३० आणि ४५ टक्के जणींत. फरक खरा, पण दहांतल्या तिघी तरीही राहिल्याच. बुरशीच्या संसर्गाची गोष्ट आणखी निराळी. त्यात हे राखणदार बहुधा जागेवरच असतात, त्यामुळे ते बाहेरून आणून घालण्याचा आधार लंगडा पडतो.

आजार लैंगिक संबंधातून पसरतो, असा गार्डनर-ड्यूक्स यांचा कयास होता. तो बराच काळ बाजूला पडला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील १६४ जोडप्यांच्या चाचणीत काही नवऱ्यांनाही औषध दिले गेले. त्यांच्या जोडीदारणींत बारा आठवड्यांत आजार उलटला ३५ टक्के, आणि जिथे औषध फक्त बायकांनीच घेतले तिथे ६३ टक्के.