पांढरा वेलगुलाब : त्याचा इतिहास आणि आपलें अंगण

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत ख्रिस्तमंदिराचा, धर्मगुरूंचा व शाळेचा इतिहास येतो, आणि तो यावयासच पाहिजे. परंतु दर रविवारीं वेदीजवळ जीं फुलें ठेवलीं जातात, त्यांचाहि एक इतिहास असतो. तो मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. येथें त्यांपैकीं एकाच फुलाचा, म्हणजे पांढऱ्या वेलगुलाबाचा, इतिहास थोडक्यांत सांगावयाचा आहे. व तो सांगून झाल्यावर आपल्या कुरुंद्याच्या काळ्या मातींत ही वेल घरोघरीं कशी वाढवावी, हेंहि सांगावयाचें आहे.

गुलाब हें परदेशचें फूल, मोगलांनीं किंवा इंग्रजांनीं आणलेलें, असा समज सर्वत्र आढळतो. नांवापुरता तो खरा आहे. 'गुल' म्हणजे फूल व 'आब' म्हणजे पाणी हे दोन फारसी शब्द. त्यांच्या जोडीचा अर्थ गुलाबपाणी. पाण्याचें हें नांव आपल्याकडे फुलालाच मिळालें. परंतु नांव पाहुणें असलें म्हणजे फूलहि पाहुणेंच असतें असें नाहीं. हिमालयाच्या उतरणीवर पांढऱ्या, सुवासिक फुलांच्या रानगुलाबाची वेल मोठमोठ्या वृक्षांवर चढलेली आजहि दिसते. उत्तरेकडे तिला 'कूजा' म्हणतात. संस्कृतांतील 'कुब्जक' तो हाच, असें मानतात. सोळाव्या शतकांतील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथांत पुष्पवर्गांत तें नांव आलेलें आहे. त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें 'ऐन-इ-अकबरी'मध्यें सुगंधी फुलें सांगितलीं, त्यांत सेवती व कूजा हीं दोन्ही आहेत. आपल्या मराठींतहि 'शेवती' हा पांढऱ्या गुलाबाचा जुना शब्द आहे. 'शेवंती' तें फूल निराळें. 'कुब्ज' म्हणजे वांकलेला. या वेलीच्या लांब फांद्या आपल्याच भारानें कमानीसारख्या वांकतात. वाचकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें. लागवडीचें मर्म त्यांतच आहे.

ख्रिस्तसभेंत गुलाबाला मान मिळाला, तोहि एकाएकीं नव्हे. रोमन साम्राज्यांत गुलाब हें मेजवान्यांचें व चैनीचें फूल होतें. मस्तकावर फुलांचे मुकुट घालून लोक पंक्तीला बसत. म्हणून आरंभींच्या ख्रिस्ती आचार्यांना तो रुचेना. कार्थेजच्या तेर्तुलियननें तिसऱ्या शतकाच्या प्रारंभीं असे मुकुट धारण करण्याविरुद्ध एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला. पुढें ती जुनी चाल लोपली, आणि मध्ययुगांत त्याच फुलाला नवा अर्थ आला : तांबडा गुलाब हुतात्म्यांच्या रक्ताची व पांढरा गुलाब पवित्र मारियेच्या निर्मलतेची खूण ठरला. जपमाळेच्या 'रोझारियुम' या लॅटिन नांवाचा अर्थच मुळीं गुलाबांची बाग असा आहे. मार्टिन शोंगाउअर या चित्रकारानें १४७३ सालीं काढलेलें एक चित्र कोल्मार येथें आहे. त्यांत पवित्र माता बाळ येशूला घेऊन बसली आहे ती जाळीवर चढविलेल्या गुलाबाच्या वेलीपुढें. म्हणजे कोणाच्याहि परसांत असावी अशाच ठिकाणीं.

कार्थेजचें नांव या इतिहासांत आणखी एकदां येतें. पॅरिसजवळ न्युई येथें ऑर्लेआंच्या ड्यूकच्या पदरीं असलेल्या झाक नांवाच्या माळ्यानें १८२८ च्या सुमारास एक पांढरा वेलगुलाब तयार केला. त्याचें नांव 'फेलिसिते ए पेर्पेत्यू'. इ. स. २०३ मध्यें कार्थेजच्या रंगभूमींत श्रद्धेसाठीं प्राण देणाऱ्या दोन संतांचीं हीं नांवें होत. पर्पेतुआ कुलीन घराण्यांतील, पदरीं तान्हें मूल असलेली. फेलिसितास दासी, तुरुंगांतच प्रसूत झालेली. रोमन कृतज्ञतास्तुतींत या दोघींचीं नांवें आपण आजहि ऐकतों, व ७ मार्चला त्यांचा सण पाळतों.

परंतु हा गुलाब वर्षांतून एकदांच, थंडी सरल्यावर फुलतो. पुन्हां पुन्हां फुलणारे वेलगुलाब पाश्चात्यांना मिळाले ते पूर्वेकडील गुलाबांमुळें. चीनमध्यें असे बारमाही गुलाब शतकानुशतकें लावले जात होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांपैकीं कांहीं कलकत्त्याच्या मार्गानें युरोपांत पोंचले. म्हणूनच फ्रेंच लोक त्यांना 'बंगालचा गुलाब' म्हणूं लागले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत चार्ल्स्टन येथें जॉन चॅम्प्नीज याच्या बागेंत या चिनी गुलाबाचा कस्तुरीगंधी गुलाबाशीं संकर झाला. हा कस्तुरीगंधी गुलाब म्हणजे आपल्या कूजाचाच भाऊबंद. त्या संकरांतून 'न्वाझेत' नांवाचें वेलगुलाबांचें घराणें निघालें, आणि १८७९ सालचा 'मादाम आल्फ्रेद कारिएर' हा प्रसिद्ध पांढरा वेलगुलाब त्याच घराण्यांतला. तेव्हां फ्रान्समधील एखाद्या मठाच्या भिंतीवर फुललेला असा गुलाब पाहून त्याला निव्वळ परका म्हणण्याचें आपल्याला कारण नाहीं.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. फूल आपलें म्हणावयाचें, तर त्यानें आपल्या भूमीचें पंचांग पाळलें पाहिजे. मे महिना पवित्र मातेला वाहण्याची प्रथा अठराव्या शतकांत इटलींत रुजली, आणि त्या देशांत मे हा गुलाबांचा ऐन बहर. आपल्याकडे मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. कळी उमलते न उमलते तोंच पाकळ्या करपतात. त्या महिन्यांत मातेच्या मूर्तीपुढें ठेवण्याजोगें फूल म्हणजे मोगरा. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज, गुलाबांच्या देशांतले. परंतु १६१६ सालीं राशोल येथें छापलेल्या 'ख्रिस्तपुराणां'त मराठी भाषेला फुलाची उपमा देण्याची वेळ आली, तेव्हां त्यांनीं गुलाब घेतला नाहीं, मोगरीच घेतली. या भूमींत कोणत्या फुलाला कोणता मान, हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. आपल्याकडे गुलाबाचा काळ म्हणजे पाऊस सरल्यापासून माघापर्यंतचा. ८ डिसेंबरचा अमलोद्भव मातेचा सण आणि नाताळ हे दोन्ही त्यांतच येतात, आणि दोन्हींचा रंग पांढरा. पुढें उपवासकाळांत वेदीजवळ फुलें ठेवीत नाहींत, व त्याच सुमारास उन्हें तापून वेलीचा बहरहि ओसरतो. उपासनेचें वर्ष व वेलीचें वर्ष इतकें जुळत असतां फुलें बाजारांतून आणावीं, किंवा त्यांच्या जागीं प्लास्टिकचीं ठेवावीं, हें आपल्याला शोभत नाहीं.

लागवडीसाठीं जात निवडतांना उन्हाला टिकणारी व पुन्हां पुन्हां फुलणारी निवडावी. जर्मनींत कोर्डेस यांनीं १९५८ सालीं प्रसृत केलेल्या 'आइसबर्ग' या पांढऱ्या गुलाबापासून पुढें वेलीचा प्रकार मिळाला. तो उष्ण हवेंत चांगला वाढतो व त्याला कांटेहि थोडे असतात. भारतीय कृषि संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. बी. पी. पाल यांनीं आपल्या हवेसाठीं अनेक गुलाब निर्माण केले. त्यांत 'दिल्ली व्हाइट पर्ल' हा पांढरा वेलगुलाब आहे.

जागा पूर्वेकडील भिंतीची निवडावी. सकाळचें पांच-सहा तास ऊन मिळावें. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यांत वेलीला भाजून काढते. भिंतीपासून दीड फूट अंतरावर दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. निघालेल्या काळ्या मातींत मुरूम, चांगलें कुजलेलें शेणखत व थोडी निंबोळी पेंड मिसळून तो भरावा, आणि वरचा थर जमिनीपेक्षां वीतभर उंच ठेवावा. आपल्या वसमत भागांतील हळदकऱ्यांना याचें कारण सांगावयास नकोच : पाणी सांचलें कीं कंद कुजतो, म्हणून हळद उंच वाफ्यावर लावितात. गुलाबाच्या मुळांचेंहि तसेंच आहे. आणि जुलै २०२२ चा पूर ज्या गांवानें पाहिला, त्यानें रोप सखल जागीं लावूं नये.

कलमाचा डोळा भरलेला सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. त्या सांध्याखालून जे धुमारे फुटतात ते खुंटाचे. ते मुळापासून काढावे, नाहींतर वर्षभरांत खुंटच वेलीला खाऊन टाकतो. हिवाळ्यांत तीन-चार दिवसांनीं व उन्हाळ्यांत एक दिवसाआड बुंध्याशीं पाणी द्यावें. हळद काढल्यावर उरणारा वाळला पाला आळ्यांत पसरला असतां ओल टिकते. आपली जमीन चुनखडीची असल्यामुळें कधीं पानें पिवळीं पडतात व शिरा मात्र हिरव्या राहतात. तेव्हां शेणखतांतून थोडें हिराकस द्यावें. पावसाळ्यांत काळ्या ठिपक्यांचीं पानें वेंचून जाळावीं, आणि हिवाळ्यांत भुरी दिसतांच गंधक फवारावें.

आतां तें मर्म. वेल सरळ उभी वाढूं दिली, तर जोम सगळा शेंड्याकडे धांवतो. फुलें छपरावर येतात आणि भिंत उघडी राहते. म्हणून चार-सहा लांब फांद्या वाढूं द्याव्या, व त्या कोंवळ्या आहेत तोंच हलक्या हातानें वांकवून बांबूच्या किंवा तारेच्या जाळीवर आडव्या बांधाव्या. मग प्रत्येक डोळा जागा होतो, व फांदीच्या सबंध लांबीवर फुलांचे झुबके येतात. 'कुब्जक' हें नांव देणाऱ्यानें हेंच पाहिलें असलें पाहिजे. पहिल्या दोन वर्षांत जोराची छाटणी करूं नये. कारण झुडुपापासून निघालेली वेल तशानें पुन्हां झुडुपावर जाण्याचा संभव असतो. त्यानंतर मुख्य फांद्या राखून बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर छाटाव्या. छाटल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत फूल येतें. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. ७ तारखेचा जपमाळेच्या राणीचा सण झाल्यावर आठवड्याभरांत कात्री घेतली, तर अमलोद्भव मातेच्या सणाला घरचीं फुलें मिळतील. आणि नाताळासाठीं एक-दोन फांद्या नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत राखून ठेवाव्या.

आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला. धर्मप्रांतांच्या वयाच्या मानानें तो अजून तरुण आहे. तरुण वेलीला आधार लागतो, वळण लागतें, आणि धीर धरणारे हात लागतात. ज्युबिलीच्या या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या अंगणांत एक पांढरा वेलगुलाब लावावा, आणि त्याच्या पहिल्या बहरांतील पांच फुलें ख्रिस्तमंदिरांत आणावीं, एवढीच विनंती. आगमनकाळांत सजावट बेताची असावी असा ख्रिस्तसभेचा दंडकच आहे. तेव्हां पांच फुलें थोडीं होणार नाहींत. तीं कोणाच्या अंगणांतून आलीं, हें सर्वांना ठाऊक असेल, आणि त्या घरासाठीं त्या दिवशीं एक प्रार्थना अधिक होईल.