गुरुकिल्ली : कुलपांच्या इतिहासातील एक बोधप्रद प्रकरण

'गुरुकिल्ली' हा शब्द मराठी वाचकांस नवा नाही. यशाची गुरुकिल्ली, आरोग्याची गुरुकिल्ली, गणिताची गुरुकिल्ली अशा नावांची पुस्तके आम्ही आमच्या अध्यापनकाळात पुष्कळ पाहिली. परंतु हा शब्द ज्या वस्तूचा, ती खरीखुरी पितळी किल्ली फार थोड्यांनी हाताळलेली असते. कचेऱ्यांच्या मोठ्या इमारतीत शंभर खोल्या असल्या तर शंभर कुलपे व शंभर निरनिराळ्या किल्ल्या असतात. प्रत्येक किल्ली आपापल्या खोलीपुरती चालते. व्यवस्थापकाजवळच्या एका किल्लीने मात्र शंभरही दारे उघडतात. हिलाच 'मास्टर की' म्हणतात. ही किमया कशी साधते आणि ह्या सोयीचे मोल कोणास द्यावे लागते, हे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे कोणी ना कोणी कचेरीत जाणारे असल्यामुळे हा विषय अगदीच परका वाटू नये.

युरोपातील जुन्या कुलपांच्या पोटात लोखंडी पट्ट्यांच्या आडकाठ्या बसविलेल्या असत. किल्लीस त्या आडकाठ्यांच्या बेताने खाचा पाडीत, म्हणजे ती अडखळल्यावाचून फिरे. अशा कुलपांची गुरुकिल्ली करणे फारसे अवघड नव्हते. आडकाठ्यांना लागणारे किल्लीचे सारे अंग कानशीने काढून टाकावयाचे आणि टोकाचा आवश्यक तेवढा भाग ठेवावयाचा, की झाले. चोरही नेमके हेच करी. म्हणजे धन्याची गुरुकिल्ली आणि चोराचे हत्यार ह्यांत आकाराचा भेद राहिला नव्हता. भेद होता तो धरणाऱ्या हाताचा.

पुढे इंग्लंडात ह्या विद्येस वेग आला. १७७८ साली रॉबर्ट बॅरन ह्याने आणि १७८४ साली जोसेफ ब्रामा ह्याने नव्या रचनेच्या कुलपांची एकस्वे मिळविली. १८१७ साली पोर्टस्मथच्या गोदीत चोरी झाली, तेव्हा सरकारने स्वतःच्या किल्लीवाचून न उघडणाऱ्या कुलपास बक्षीस लाविले व १८१८ साली जेरेमाया चब ह्याने तसे कुलूप पुढे आणले. ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत तर, हे कुलूप उघडील त्यास दोनशे गिनी, असे आव्हान कित्येक दशके टांगलेले होते. १८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरले आणि अमेरिकेतून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपतज्ज्ञ तेथे आला. त्याने चबचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. ब्रामाच्या कुलपास सोळा दिवसांच्या अवधीत एकूण एक्कावन्न तास लागले, पण तेही उघडले.

ह्यावर मोठा गहजब झाला. कुलपातील उणीव अशी चव्हाट्यावर मांडणे म्हणजे चोरांस शिकविणे होय, असे कित्येकांचे म्हणणे पडले. हॉब्जच्या पक्षाचे उत्तर असे की, चोरास आपला धंदा आधीपासूनच ठाऊक असतो. अंधारात असतो तो बिचारा घरधनी. ह्या वादाची खूणगाठ वाचकांनी बांधून ठेवावी, कारण दीडशे वर्षांनी तो पुन्हा उपस्थित झाला.

आज कचेऱ्यांच्या दारांवर जे कुलूप सर्रास दिसते त्याचे श्रेय अमेरिकेतील येल पितापुत्रांकडे जाते. पिता लायनस येल ह्याने १८४८ साली खिट्यांच्या कुलपाचे एकस्व घेतले. मूळ कल्पना प्राचीन मिसर देशातील लाकडी कुलपांत होतीच. त्याच नावाचा पुत्र आरंभी व्यक्तिचित्रे रंगवीत असे. त्याने १८६१ व १८६५ साली हे कुलूप सुधारून त्यास लहानशी चपटी किल्ली दिली. १८६८ साली हेन्री टाउन ह्याच्या भागीदारीत त्याने कारखाना काढला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, एक्विटेबल विमा कंपनीच्या नव्या इमारतीतील कुलपांच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेला असता, सत्तेचाळीसाव्या वर्षी तो निवर्तला. ती इमारत १८७० साली पुरी झाली. माणसांसाठी पाळणे बसविलेल्या आद्य कचेरी-इमारतींत तिची गणना होते. आपल्याकडे १८९७ साली अर्देशीर गोदरेज ह्यांनी मुंबईस लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, हेही येथे नमूद करणे उचित होईल.

आता ह्या कुलपाचे मर्म पाहू. त्यात बहुधा पाच खिट्या ओळीने असतात व प्रत्येक खिटीचे दोन तुकडे केलेले असतात. योग्य किल्ली आत गेली की तिच्या दात्यांमुळे पाचही खिट्यांच्या फटी एका रेषेत येतात आणि कुलूप फिरते. गुरुकिल्लीसाठी प्रत्येक खिटीच्या मध्ये आणखी एक पातळ चकती घालतात. त्यामुळे खिटीस एका ऐवजी दोन फटी पडतात. एक खोलीच्या किल्लीसाठी, दुसरी गुरुकिल्लीसाठी.

येथे थोडे शाळेतील गणित आठवावे. पाच खिट्या आणि प्रत्येकीत दोन फटी, म्हणजे दोनास दोनाने असे पाच वेळा घेऊन गुणले की बत्तीस येतात. मालकाने दोनच किल्ल्या करविल्या, परंतु कुलूप आता बत्तीस प्रकारच्या किल्ल्यांस उघडते! उरलेल्या तीस किल्ल्या कोणी मागितल्या नव्हत्या. त्या सोयीबरोबर आपसूक आल्या. ह्यास उपाय नव्हता असे नाही. कुलपात दुहेरी नळी बसवून गुरुकिल्लीसाठी स्वतंत्र रेषा ठेवण्याची रीत निघाली होती व तीत असा घोळ होत नाही. पण ते काम नाजूक व महागाचे. म्हणून स्वस्त तीच रीत सर्वत्र रूढ झाली.

२००३ साली मॅट ब्लेझ ह्या अमेरिकन संशोधकाने ह्या उणिवेवर निबंध प्रसिद्ध केला. ज्याच्यापाशी इमारतीतील एका साध्या खोलीची किल्ली आहे, असा मनुष्य थोड्या कोऱ्या किल्ल्यांच्या साह्याने सबंध इमारतीची गुरुकिल्ली सिद्ध करू शकतो, असे त्याने दाखविले. कुलूपवाले संतापले. गुपित उघडे केले म्हणून कोणी दोष दिला, तर ही गोष्ट आम्हांस पूर्वीपासून माहीत होती, असे कोणी म्हटले. ह्या दुसऱ्या उत्तराने तर आमच्या मते दोष अधिकच वाढतो. ठाऊक असूनही ज्याचे दार त्यास सांगितले नाही, मग ते गुपित राखले कोणासाठी?

किल्लीच्या जागी विजेचे कार्ड आले म्हणून हा प्रश्न सुटला, असेही नाही. २०१८ साली फिनलंडमधील दोन संशोधकांनी हॉटेलच्या एका जुन्या कार्डापासून सगळ्या खोल्या उघडणारे कार्ड तयार करून दाखविले. फरक एवढाच की, त्यांनी कारखानदारास आधी कळविले होते व कारखानदाराने सुधारणा करून मगच ती गोष्ट जाहीर झाली. १८५१ च्या गहजबापेक्षा ही रीत निःसंशय शहाणपणाची होय.

आमच्या वाचकांपैकी कोणी गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस असतील, कोणी वसतिगृहाचे किंवा कचेरीचे व्यवस्थापक. त्यांस आमची विनंती अशी. गुरुकिल्ली करविण्यापूर्वी तिची खरोखर गरज किती दारांस आहे ते पाहावे. रोकड, दप्तर व मौल्यवान वस्तू ह्यांचे दार त्या साखळीबाहेर ठेवावे. किल्ली कोणी नेली, केव्हा परत केली, ह्याची वही ठेवावी व ती अध्यक्षांनी स्वतः तपासावी. किल्ली हरवल्यास दुसरी करून भागत नाही; तिने उघडणारी सारी कुलपे बदलावी लागतात, म्हणून तो खर्च आधीच हिशेबात धरावा. आणि मुख्य म्हणजे, ज्यांच्या खोल्या त्या किल्लीने उघडतात त्या प्रत्येकास हे सांगून ठेवावे. ज्याच्या दाराची दुसरी किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, त्यास ते ठाऊक असण्याचा हक्क आहे.